सासूबाईंचा केक आणि इंजिनाची थंड हवा

गाड्यांमधलं मला सगळं कळतं. निदान परवाच्या शनिवारपर्यंत तरी कळत होतं.

माझ्या यूटला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, मी थंड हवेचा पाईप बसवला. विचार सरळ होता. बॉनेटखालची हवा भट्टीसारखी तापलेली असते. इंजिनाला बाहेरची गार, दाट हवा पाजली की ते जास्त जोर लावणार. म्हणून पाईप थेट खाली बंपरमागे उतरवला आणि टोकाला फिल्टर लावला. जोर किती वाढला देव जाणे, पण आवाज इतका वाढला की शेजाऱ्यांचं कुत्रं दिवसभर पलंगाखालून निघेना.

घोटाळा झाला तो भलत्याच ठिकाणी. बायकोला, नॅरेलला, मी ऐटीत सांगितलं की यूटला थंड हवा बसवली. आमच्या वॉराबिन गावात एसीला सगळे 'थंड हवा'च म्हणतात! नॅरेलने लगेच आईला कळवलं.

माझ्या सासूबाई, मर्ल, दर फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, गावच्या शेतकी प्रदर्शनात चॉकलेट केक मांडतात आणि दरवर्षी दुसऱ्या येतात. पहिली येते ती डॉट. दोघींचं बोलणं कधीच बंद झालंय. यंदा मर्लने केकवर लोण्याचं नाजूक आयसिंग चढवलं होतं. नॅरेल पहाटेच प्रदर्शनातल्या चहाच्या स्टॉलवर गेलेली, म्हणून केक पोचवायची जबाबदारी माझ्यावर आणि माझ्या थंड हवेवर.

बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. मांडीवर केक घेऊन मर्ल म्हणाली, "लाव आता थंड हवा."

"लावलीय की."

"मग लागत का नाही?"

"आई, ती इंजिनाला लागते."

ती म्हणाली, "आणि केकला?"

केक एका बाजूने घसरायला लागला होता. मोठ्या रस्त्याने गेलो असतो तर केकचं सार झालं असतं, म्हणून जवळच्या वाटेने, ओढ्यातल्या फरशी-पुलावरून जायचं ठरवलं. वर कुठेतरी पाऊस झाल्याने फरशीवर गुडघाभर पाणी होतं. मर्ल नको म्हणत होती, पण मी ऐकतोय कुठला! घातली यूट पाण्यात. पलीकडचा काठ हाताशी आला आणि धाडकन आवाज होऊन सगळं बंद पडलं.

"काय झालं?"

"इंजिनाने पाणी ओढलं."

"तुला हवा पाजायची होती ना?"

इतक्यात पलीकडून एक उंच जीप आली. पाणी शिरू नये म्हणून हवेचा पाईप छपरापर्यंत गेलेला, काचा बंद, म्हणजे खरी 'थंड हवा'. आत डॉट, स्वतःचा केक मांडून परत निघालेली! तिने काठावरूनच दोर फेकला, आम्हाला बाहेर ओढलं आणि दार उघडून म्हणाली, "मर्ल, आत बस. वितळलेल्या केकला हरवण्यात मला मजा नाही."

मर्लने एकदा केककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मुकाट्याने केक घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. मीही मागचं दार उघडायला गेलो, तर तिने काच चार बोटं खाली केली.

"जावईबापू, तुम्ही थांबा इथेच. इंजिनाला वारा घाला."

त्या दिवशी मर्लचा केक पहिला आला, डॉटचा दुसरा. आता दोघी जीपमधून गावभर हिंडतात. काल घरावरून चालल्या होत्या, मी हात केला. डॉटने थांबायला ब्रेकही लावला होता. मर्लनेच तिला पुढे जायला सांगितलं.