विसाव्या वर्षाचा सत्कार

वाळूज एमआयडीसीत वॉशर बनवणाऱ्या एका कंपनीत 'सेवानिष्ठ निवृत्ती योजना' लागू आहे. कामगारानं निवृत्तीसाठी शंभर रुपये बाजूला टाकले की कंपनी स्वतःचे पन्नास टाकते. अखंड सेवेची वीस वर्षं भरली की पूर्ण शंभर. पहिल्या पाच वर्षांत कंपनी काहीच टाकत नाही, शुभेच्छा देते.

प्रेस मशिन चालवणारे काकासाहेब यांची वीस वर्षं रविवारी भरत होती. रविवारी सभागृह बंद असतं, म्हणून व्यवस्थापनानं सत्कार शनिवारी सकाळी अकराला ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं. शेजारच्या प्रेसवरचे सखाराम भाषणाला उभे राहिले. "वीस वर्षांत या माणसानं जागा सोडली नाय," असं त्यांनी ठासून सांगितलं. एकशे बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी काकासाहेबांना मनुष्यबळ विभागाचं पत्र मिळालं. शनिवारी प्रेस चाळीस मिनिटं बंद होती. लेखी परवानगीविना जागा सोडल्यानं सेवा खंडित झाली आहे. नवी सेवा शनिवारी ११.४० पासून सुरू. कंपनीत आपलं स्वागत आहे.

काकासाहेब पत्र घेऊन मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख मनस्विनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, तुमीच बोलावलं की! शाल तुमच्याच हातानं पांघरवली."

"ते निमंत्रण होतं, काका. निमंत्रण म्हणजे परवानगी नव्हे."

"माझी नोकरी आठ वर्षं राहिली. त्यातली पाच शुभेच्छांवर काढू व्हय?"

मॅडमनी सहानुभूतीनं नियमावली उघडली. "अपील करता येईल. कंपनीनंच बोलावलं होतं, असं तिथं हजर असलेल्या दोघांनी लिहून द्यायचं."

काकासाहेब निश्चिंत झाले. दोघं काय, एकशे बारा होते.

साक्षीदाराच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता : 'त्या वेळी आपण स्वतः आपली जागा कोणाच्या लेखी परवानगीनं सोडली होती?'

सखाराम यांनी फॉर्म दोनदा वाचला. त्यांची अठरा वर्षं झाली होती.

"काका, मी नव्हतो तिथं."

"आरं, भाषण तूच ठोकलंस ना!"

"माझ्यासारखे दिसणारे लई हायेत कंपनीत."

संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांनी, कोणी न मागता, लिहून दिलं की शनिवारी आपण मशिनवरच होतो. चौघांनी तर टाळ्यांच्या आवाजानं कामात व्यत्यय आल्याची तक्रारही जोडली. त्या चाळीस मिनिटांत सगळ्याच मशिनी बंद होत्या, ही बाब अपिलाच्या कक्षेत येत नव्हती.

अपील समितीनं निष्कर्ष काढला : काकासाहेबांनी रिकाम्या सभागृहात स्वतःच स्वतःचा सत्कार केला. शाल व नारळाची किंमत पगारातून वसूल करावी. फेरविचार हवा असल्यास दोन सह्या, शुक्रवारपर्यंत.

वाचकहो, त्या सत्काराला आता आपणही हजर होता. कोणी बोलावलं, शाल कोणी पांघरवली, सगळं आपल्यासमोर घडलं. फॉर्म पुढं ठेवला आहे. फक्त सही करताना, स्वतःची सेवा किती वर्षांची झाली, तेवढं आठवू नका.