कुडावरची हत्यारं

काशीने भाताच्या टोपात डाव घातला आणि भाताबरोबर तेरा नंबरचा पाना वर आला.

पाना छान वाफवला गेला होता.  तिने तो ताटात वाढला, वर डाळ ओतली आणि ताट नवऱ्यापुढे सरकवलं.

"जेवा."

अशा वेळी शहाण्या माणसाने मान खाली घालून जेवावं. पण ज्ञानेश्वर आनंदाने ओरडला, "अगो, सापडला का हा? सकाळपासून शोधतोय मी!"

झालं. आगीत तेल पडलं.

ज्ञानेश्वर मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर. तिथून धसईची एसटी धरून वाडीवर घरी आला की माणसाने पाय पसरावेत, चहा प्यावा. छे! याच्या हातांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. कोणाचा पंप उघड, कोणाच्या दाराला बिजागरी लाव, काही नसेल तर स्वतःची बरी चाललेली सायकल खोलून ठेव. त्याचं वर्कशॉप म्हणजे घराची पडवी. तिथे पूर्वी शेळ्या असायच्या. शेळ्या विकल्या आणि हत्यारं आली. शेळ्या बऱ्या होत्या, असं काशी म्हणायची, त्या निदान दाव्याला बांधल्या की जागेवर राहायच्या. हत्यारं पडवीत मावेनात तेव्हा घरभर सुटली. ड्रिल मशीन तांदळाच्या कणगीवर, करवत टॉवेलच्या दोरीवर, स्क्रू लोणच्याच्या बरणीत. पाने चुलीवरच्या फळीवर. त्यातलाच एक आज भातात उतरला होता.

"परवा बाजार हाय," काशी म्हणाली. "रोशन भंगारवाला येईल. तवर जमिनीवर नि माझ्या चुलीपाशी जे हत्यार दिसंल ते त्याच्या टेम्पोत. मी बोलले ते बोलले."

"अगो, पन ठेवू कुठं? जागा तरी हाय का?"

"माझ्या डोक्यावर ठेवा!"

काशी बोलली की करते, हे ज्ञानेश्वरला पक्कं माहीत होतं. शेळ्या अशाच गेल्या होत्या. ही सगळी हत्यारं त्याने एकेक करून जमवली होती, ओव्हरटाइम करून. ती गेली तर घरी येऊन तो करणार काय? नुसतं बसायचं?  जेवण अर्ध्यावर टाकून तो मोबाइल घेऊन पडवीत येरझाऱ्या घालू लागला.

मोबाइलमध्ये एक गृहस्थ सापडला. त्याचं वर्कशॉप पडवीहूनही लहान, पण जमिनीवर टाचणी नाही. सगळं भिंतीवर टांगलेलं, प्रत्येक हत्यारामागे त्याचं चित्र काढलेलं. 'धार असेल ते झाकून ठेवा, जड असेल ते खाली ठेवा, वाट मोकळी ठेवा,' असं तो गृहस्थ बजावून सांगत होता. ज्ञानेश्वरने ते पाच-सहा वेळा पाहिलं. गृहस्थाची भिंत सिमेंटची होती, एवढी एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली.

ज्ञानेश्वरच्या पडवीला एका अंगाला दार, एका अंगाला खिडकी, एक अंग अंगणाकडे उघडं. टांगायला उरला तो फक्त कूड. कारवीच्या काठ्या बांधून शेणमातीने लिंपलेला कूड. आणि त्या कुडापलीकडे राहायचा त्याचा थोरला भाऊ, कोंडू.

वाटणीच्या वेळी घर अर्धं झालं, अंगण अर्धं झालं, शेताचे बांध पडले, कोणी ब्र काढला नाही. गाडी अडली ती कुदळ, पहार आणि शिडीवर. जो तो म्हणे, ही माझी. पंच थकून उठून गेले. शेवटी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने ओढलं, मध्ये कूड उभा केला आणि बोलणं बंद केलं. म्हणजे अगदीच बंद नाही. काही कळवायचं असलं की आपापल्या बायकोला मोठ्याने सांगायचं. कुडातून सगळं ऐकू जायचं.

ज्ञानेश्वरने प्लायचा तक्ता कुडाला लावला आणि सहा इंची खिळे ठोकायला सुरुवात केली. कूड तो केवढा? खिळे आरपार.

"अवो, या, या!" पलीकडे कोंडूची बायको गुणाबाई किंचाळली. "कुडाला दात आले!"

कोंडू आला असावा. जरा वेळाने त्याचा आवाज आला, "गुणे, सांगून ठेव. आमच्या घरात खिळे ठोकायचं काम नाय!"

"काशे," ज्ञानेश्वर ओरडला, "सांग त्याला, मी माझ्या बाजूनं ठोकतोय. अर्धा कूड माझा हाय!"

"अर्धा कूड त्याचा, तर खिळा पन अर्धाच त्याचा! इकडं आलेला अर्धा आमचा! आमी आमच्या अर्ध्याचं काय पन करू!"

आणि कोंडूने खरोखरच आपल्या वाटचे अर्धे खिळे हातोड्याने वर वाकवले. त्यांच्या झाल्या खुंट्या. पहिल्या खुंटीवर त्याने छत्री अडकवली. छत्री टांगायला त्याला जागा नव्हती असं नाही. हक्क म्हणून अडकवली.

इकडे ज्ञानेश्वरने खिळा हलवून पाहिला. मघाशी डगडगणारा खिळा आता जाम बसला होता. "बघ गो, कसा पकडलाय!" तो काशीला म्हणाला. आपलं काम चोख झालं, असंच त्याला वाटलं. मग काय, हुरूप आला! पाने लागले, पकडी लागल्या. पटाशांच्या धारेला त्याने सायकलच्या ट्यूबची टोपणं घातली, करवतीच्या दातांवर पाइप चिरून बसवला. जड सामान खाली हवं होतं, पण कुडाच्या बुडाला ओल होती, लोखंड गंजलं असतं. म्हणून ड्रिल, लोखंडी शिकंजा आणि घण छातीच्या उंचीवर गेले.

तो एक टांगायचा, पलीकडे कोंडू दोन टांगायचा. कोयता, विळे, लसणीच्या जुड्या, फवारणीचा पंप. उंदरांपासून वाचवायला म्हणून वालाच्या पिशव्यासुद्धा त्याने कुडाला लटकवल्या. इकडे हातोडा पडला की तिकडे लसूण पडायची.

"गुणे, सांग, जुडी पडली!"

"काशे, सांग, मंग हलकी टांग!"

दोन्ही बायका आपापल्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या निरोप पोचवत नव्हत्या, कारण निरोप आधीच पोचलेला असायचा.

बाजाराच्या दिवशी ज्ञानेश्वरने रजा टाकली. काशीने पडवी पाहिली, चूल पाहिली, कणगीमागे वाकून पाहिलं. जमीन स्वच्छ. भिंतीवर सगळं ओळीत.

"दिसतंय बरं," तिला कबूल करावं लागलं. "मी येस्तवर असंच राहू द्या. आज तरी हात लावू नका कशाला."

ती पिशवी घेऊन बाजाराला निघाली. थोड्या वेळाने गुणाबाईही निघाली. दोघी एकामागून एक जायच्या आणि वळण लागलं की एकत्र चालायच्या, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांच्या नवऱ्यांना.

गुणाबाईला वाल विकायचा होता. तिने कुडावरच्या सगळ्या पिशव्या उतरवून नेल्या, आणि पलीकडचं वजन एकदम कमी झालं.

ज्ञानेश्वर चहा घेऊन आपल्या भिंतीकडे कौतुकाने बघत होता. बघता बघता त्याला वाटलं, भिंतही आपल्याकडे बघतेय. मग वाटलं, जरा जवळूनच बघतेय. मग कुडाला वर वाशाशी बांधणारा दोर कट्कन तुटला. ज्ञानेश्वरने चहा फेकला आणि कुडाला पाठ लावली.

कूड थांबला, पण त्याच्या पाठीवर थांबला. पाठीत घण, कानाशी करवत. तो सरकला तर कूड खाली, हत्यारं जमिनीवर. आणि लांबून, पार खालच्या वाडीकडून, रोशनचा भोंगा ऐकू येऊ लागला होता. "लोखंड, पत्रा, जुनी मोटार, भंगारवालेऽ..."

"काशे!" तो ओरडला. काशी कुठली असायला! पलीकडे खाट करकरली. म्हणजे कोंडू घरात होता. पण सांगायचं कोणाला? मधलं माणूसच नव्हतं.

"ए कुडा," ज्ञानेश्वर दात-ओठ खात म्हणाला, "सांगून ठेव पलीकडं, इथं माणूस दबून मरतोय."

 पलीकडून कोंडूचा आवाज आला, "ए कोंबडे, इचार त्याला, मंग मी काय करू?"

"सांग त्याला, खिळे धरून आपल्याकडं खेच!"

"कोंबडे, सांग, मला हुकूम करनारा तो कोन?"

कोंबडी बिचारी "कुक" म्हणाली. भोंगा जवळ आला. कूड आणखी वीतभर कलला आणि एक मोठी पटाशी खिळ्यावरून सुटली. ट्यूबचं टोपण वाटेतच गळालं. ज्ञानेश्वरच्या कानाला वारा लागला आणि पटाशी त्याच्या पायाच्या अंगठ्याशेजारी जमिनीत रुतली.

"दादाऽऽ!"

आता ही हाक ना कुडाला होती, ना कोंबडीला. पलीकडे पावलं धावली. खुंट्या कोणीतरी गच्च धरल्या आणि पाठीवरचं ओझं एकदम हलकं झालं.

"धरला! ज्ञाना, लागलं का रे?"

"नाय."

"खरं बोल!"

"नाय लागलं, दादा. तू सोडू नको फक्त."

"मी सोडतोय व्हय? मूर्खा, कारवीच्या कुडाला कोन घण टांगतं का?"

"नि वालाच्या पिशव्या कोन टांगतं?"

दोघं धरून उभे राहिले. एक ढकलतोय, एक ओढतोय, कोणालाच हलता येत नव्हतं. न बोलता किती वेळ उभं राहणार?

"दादा, तुझ्या पाण्याच्या पंपाचा आवाज बरोबर नाय. बेअरिंग गेलंय. मी रोज ऐकतोय."

"मंग बोलला का नायस?"

"कोनाला बोलू? कोंबडीला?"

 कोंडूने नाक ओढलेलं कुडातून स्पष्ट ऐकू आलं.  माणसाला किती बरं वाटतं, एवढ्याशा बोलण्याने! पण बरं वाटायला वेळ कुठे होता? रोशनचा टेम्पो भोंगा वाजवत अंगणात शिरला, आणि पुढच्या सीटवर काशी आणि गुणाबाई खेटून बसल्या होत्या.

ज्ञानेश्वरची नजर पायाशी गेली. पटाशी! जमिनीवर! काशीला दिसली तर गेली. त्याने नुसतं उभं राहायचं होतं. पण नुसतं उभं राहणं त्याला आयुष्यात कधी जमलंय? तो पटाशी उचलायला वाकला.

कूड आला. ज्ञानेश्वर उडी मारून अंगणात पडला. खुंट्या न सोडलेला कोंडू कुडाबरोबरच आला आणि कुडावरच पालथा झाला. धुरळा खाली बसला तेव्हा दोन्ही घरांची मिळून एक लांबलचक खोली झाली होती आणि मध्ये पाने, कोयते, लसूण, करवती, विळे यांचा ढीग पडला होता.

"अरे बापरे," रोशन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

काशीने आधी नवरा धडधाकट आहे का ते पाहिलं. आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "रोशन, उचल. जमिनीवर हाय ते सगळं."

रोशनने ड्रिल मशीन उचललं. ज्ञानेश्वर पुढे धावला.

"ते... ते माझं नाय! दादाचं हाय!"

सगळ्यांनी कोंडूकडे पाहिलं. कोंडूने जन्मात ड्रिल हातात धरलं नव्हतं. तो लसूण झटकत उठला.

"हा. माझंच हाय ते."

"तुमचं?" गुणाबाई फिरली. "मंग रोशन, आमचा हा गळका फवारणीचा पंप पन घे. मी पन रोज बोलते, घरात पाय ठेवायला जागा नाय."

"तो ज्ञानाचा हाय," कोंडू घाईघाईने म्हणाला.

"माझाच," ज्ञानेश्वर म्हणाला.

"ही करवत?"

"दादाची."

"हे कोयते?"

"ज्ञानाचे."

"नि ही पहार?"

"त्याची!" दोघं एकदम म्हणाले, एकमेकांकडे बोट दाखवून.

रोशन रिकाम्या हाताने टेम्पोत बसला. "तुमचं ठरलं की बोलवा," तो म्हणाला, आणि भोंगा न वाजवताच गेला.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. "बरं," काशी शांतपणे म्हणाली. "ज्याचं त्याच्या घरात. आत्ताच्या आत्ता."

बोललेलं मागे कसं घेणार? ज्ञानेश्वरने आपलं ड्रिल, पाने, पटाशा, हातोडे उचलून कोंडूच्या घरात नेऊन ठेवले. कोंडूने आपली शेतीची सगळी अवजारं ज्ञानेश्वरच्या पडवीत आणून रचली. संध्याकाळी कोंडूला गवत कापायला विळा हवा झाला, तो मागायला आला. ज्ञानेश्वरला पंपाचं बेअरिंग काढायचं होतं, तो पाना मागायला गेला आणि बेअरिंग निघेपर्यंत तिकडेच बसला. त्याचं जेवण गुणाबाईने वाढलं.

चार दिवस असेच गेले. कूड पडला होता तिथेच होता. शेवटी काशीने विचारलं, "अवो, कूड कधी उभा करताय?"

"मी तर आत्ता केला असता," ज्ञानेश्वर म्हणाला. "पन हातोडा दादाचा हाय. दुसऱ्याच्या वस्तूला मी कसा हात लावू?"