बसबूसा आणि शेळ्या

राहायच्या परवान्याचं कार्ड हातात पडलं तेव्हा रमझीला कळलं, की सरकारदरबारी तो शेळ्या राखतो. मायदेशी टांटाच्या बाजारात त्याच्या बसबूशासाठी, पाकात मुरलेल्या रव्याच्या वड्यांसाठी, रांग लागायची. शेळी त्यानं आजवर फक्त ताटात पाहिली होती.

"अरे, मिठाईवाल्यांचे परवाने संपले होते," मालक अबू हिलाल म्हणाला. "शेळ्यांचा एक शिल्लक होता, तो घेतला. कागदावर काहीतरी लिहावंच लागतं. तू आपला रवा भाज."

आमच्या आखातातल्या निझव्यात हे चालतंच. आमच्या गल्लीतला न्हावी कागदोपत्री खजुराच्या झाडांवर चढतो, आणि त्याला स्टुलावर उभं राहिलं तरी चक्कर येते. नवख्यानं एवढंच समजून घ्यायचं, की राहायचा परवाना कामाला बांधलेला आणि काम मालकाला. कार्डावर नसलेलं काम करताना सापडलात, की थेट विमानतळ. रमझीच्या होणाऱ्या सासऱ्यानं तर साफ सांगितलं होतं, वर्षभर परदेशात टिकून दाखव, मगच लग्न.

आणि महिन्याभरातच मजूर खात्याचे सुलेमानसाहेब दुकानात शिरले. रमझी कोपरापर्यंत रव्यात होता.

अबू हिलालनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "हा दूध पोचवायला आलाय."

"बरं. शेळ्या कुठायत?"

"मळ्यावर."

"उद्या बघायला येतो," साहेब म्हणाले, आणि जाताना बसबूशाचा तुकडा उचलून गेले.

अबू हिलालकडे मळा नव्हता, पण मेहुण्याकडे होता. रातोरात शेळ्यांचा मालक बदलला. सकाळी रमझी गोठ्यात शिरला तो दाराला पाठ लावूनच. पण त्याच्या अंगरख्याला रव्याचा आणि साखरेचा वास मुरलेला. शेळ्या अशा मागे लागल्या, की तो घाबरून पळेल तिकडे अख्खा कळप शिस्तीत पळायचा. साहेब बघतच राहिले. असा शेळ्या राखणारा मी जन्मात पाहिला नाही म्हणाले, आणि स्वतःच्या चार शेळ्याही आणून सोडल्या.

आता साहेबांना शेळ्यांची आठवण येई तेव्हा ते येत, म्हणून रमझीला मळ्यावरच राहावं लागलं. मिठाईवाल्याविना दुकान बसलं. अबू हिलाल कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागला : परवाना बदलून द्या, हा माणूस मिठाईवाला आहे. तोवर शेळ्या व्यायल्या, दूध खपू लागलं, ईदला बोकड गेले. अबू हिलालनं मेहुण्याकडून कळप विकतच घेतला आणि दुकान एका शिंप्याला भाड्यानं दिलं. फक्त अर्ज मागे घ्यायचा राहून गेला.

सरकारी काम कधी नव्हे ते झालं. सुलेमानसाहेब नवं कार्ड घेऊन स्वतः मळ्यावर आले. रमझीनं वाचलं : मिठाई करणारा. त्याचे डोळे भरून आले. वर्ष पुरं व्हायला एकच महिना होता.

साहेबांनी गोठ्यावरून नजर फिरवली. रमझीच्या एका हातात करडू होतं, दुसऱ्या हातात दुधाची बादली.

"मिठाईवाला इथं काय करतोय?"

रमझीनं शेजारी उभ्या मालकाकडे पाहिलं. अबू हिलालनं डोळ्याची पापणीही हलवली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "हा शेळ्यांना बसबूसा पोचवायला आलाय."