साक्षीदाराशिवाय जावयाशी बोलणे नाही

आमचे शिरपूरचे नाना स्वतःच्या जावयाशी साक्षीदाराशिवाय बोलत नसत. साक्षीदार मी. क्लबचा चिटणीस झालो तेव्हा हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं.

नाना पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात आणि आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष आहेत. जावई नरडाण्याचा गोलकीपर, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा. आमच्या लीगमध्ये खेळाडू मानधनावर असतात, त्यामुळे ऐन हंगामात दुसऱ्याचा खेळाडू फोडण्याचा उद्योग जोरात चाले. तो नानांनी बंद पाडला. "खेळाडू फोडनं म्हंजे दुसरानं घर फोडनं शे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दंड त्यांनीच शोधला. करारातल्या खेळाडूला 'आमच्याकडे या' म्हणणाऱ्याने त्याच्या अख्ख्या संघाला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊ घालायची. वांगी स्वतः भाजायची, आचारी लावायचा नाही. एका व्यवस्थापकाने तुरकाठ्यांच्या धुरात डोळे पुसत मणभर वांगी भाजली. तो आता परक्या खेळाडूला रामराम करतानाही दोनदा विचार करतो.

जावयालाच फोडतात असा संशय नको, म्हणून जावई आला की नानांचा मला फोन. मी मधल्या खुर्चीत बसायचं. "प्रवास बरा झाया का?" नाना विचारत. जावईही बिचारा साक्ष द्यावी तसा "हो" म्हणे. मग नाना माझ्याकडे बघत. मी मान डोलावली की चहा.

यंदा दिवाळीला लेक चार दिवस आली होती. बायको गेल्यापासून नाना एकटेच. जावई न्यायला आला त्या दिवशी मी गावाला गेलेलो. परत आलो तर टेबलावर तक्रारअर्ज. तक्रारदार नाना, आरोपीही नाना.

लीगच्या बैठकीत नरडाण्याचे व्यवस्थापक भाऊ हसले. "नाना, सासरा जावईसंगे बोलना, त्यामा काय गुन्हा शे?"

"बोलनं नही," नाना खाली बघत म्हणाले. "मी तेले सांगं, शिरपूरलेच ऱ्हावाले या."

"मंग आमना गोलकीपरवर डोया व्हताच तुमना."

"गोलकीपर नही जोयजे व्हता, भाऊ." नाना म्हणाले. "पोर जवळ जोयजे व्हती."

मला वर बघवेना. इतकी वर्षं त्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो, आणि मला हे कळलं नव्हतं.

नाना दंडावर अडून बसले. तेव्हा भाऊ म्हणाले, "बरं. पन भरीत तुमना जवाईना अंगणमा व्हई. आनि रांधनाराले बी पंगतमा बसनं पडी."

नानांनी दचकून वर पाहिलं. नातवंड होईपर्यंत बापाने लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी रीत ते कटाक्षाने पाळत. तापी ओलांडून नरडाण्याला जात, ओसरीवर टेकत, घरून नेलेलं पाणी पीत आणि परत येत. भाऊंना हे ठाऊक होतं.

शेवटी नाना म्हणाले, "दंड शे. मंग जेवनंच पडी."

त्या रविवारी नानांनी सकाळपासून वांगी भाजली. पंगत बसली, तेव्हा लेक वाढायला आली. नानांनी मुकाट्याने ताट पुढे केलं. तिने भाकरी वाढली, आणि तिथेच त्यांच्यासमोर बसून राहिली. बाकीच्या पंगतीला मग जावयानेच वाढलं.