शंकरमामांनी पारखलेली सायकल

आमचे शंकरमामा सायकल बैलासारखी घेतात. आधी मागून पाहतात, मग पुढून. धारूरला त्यांची हयात बैलांच्या दलालीत गेली. आता बैल सरले, पारख तेवढी शिल्लक आहे. नवी सायकल कुणाचीही असो, मामा खांद्यावर उपरणं टाकून पुढे.

गेल्या जूनमध्ये माझी लेक आठवीत गेली. घाटनांदूरची शाळा आमच्या वस्तीपासून चार किलोमीटर. मी फोन केला आणि मामा पहिल्या एसटीने हजर.

दुकानात त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं. "रिंग आऊट हाय. दुसरी काढ." दुसरीचे ब्रेक लागेनात. लेक तोवर एका जांभळ्या सायकलला चिकटली होती.

"माय, रंगच बघायचा आसंल तर फुगा घ्यावा. हिला कॅरेज न्हाई, मडगार्ड न्हाई. दप्तर कुठं ठिवशील? चिखल उडंल पाठीवर."

शेवटी एक काळी, भक्कम सायकल पसंत पडली. मामांनी दुकानदाराचा हात उपरण्याखाली ओढला आणि बैलबाजारातल्यासारखी बोटं दाबून भाव सुरू केला. तो बिचारा दचकला.

"काका, हात सोडा! किंमत चिठ्ठीवर लिव्हलीय."

"चिठ्ठी लोकायसाठी. आपलं आपल्यात बोल."

घंटी आणि कुलूप फुकट मिळाल्यावरच हात सुटला.

मामा गावी गेले आणि लेकीने दोन दिवस तोंड फुगवलं. "पोस्टमनची सायकल!" तिसऱ्या दिवशी मी गुपचूप दुकानात जाऊन जांभळी बदलून आणली. मामांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. फोनवर म्हणालो, "चोरीला गेली."

हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. एवढ्याशा खोट्याने काय होणार, असं वाटलं होतं.

मामा शोधायला लागले. पावतीवरचा, सायकलच्या दांडीवर कोरलेला नंबर त्यांना पाठ होता. धारूरचा बाजार, नारायणगडाची यात्रा, जिथे काळी सायकल उभी दिसेल तिथे वाकून नंबर पाहायचे. एका आठवडी बाजारात सायकलवाल्याने त्यांनाच चोर समजून कॉलर धरली. हे त्यांच्या शेजाऱ्याने मला कळवलं, तेव्हा कुठे मी धारूर गाठलं.

मामा ओट्यावर एकटेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि शिव्यांची वाट पाहत राहिलो.

"मंजी," ते म्हणाले, "पोरगी पायी जात न्हवती?"

"नाही, मामा."

"येकबी दिस न्हाई?"

"एकही नाही."

मामांनी भिंतीला पाठ टेकली. "मला वाटलं, पाऊसपाण्यात लेकरू रोज चालतंय. जेवाया बसलो का तेच डोळ्यापुढं यायचं."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "येवढं तरी सांगायचं न्हाई का, बे."