सराव, सराव, सराव

परवानगीच्या अर्जातले सगळे रकाने भरून झाले, की सार्जंट मिर्ता ओयार्सो 'कारण' या रकान्यापाशी येऊन थांबे. नाव, हुद्दा, चिलीच्या सैन्यातला क्रमांक, सीमा ओलांडण्याची तारीख, हे सगळं तिच्या सुबक अक्षरात पाच मिनिटांत होई. मग 'कारण'. रकाना दोन बोटं रुंद. आठ वर्षांत तिनं तो अर्ज तीनदा काढला होता आणि तीनदा घडी घालून खणात ठेवला होता.

कारण दहा किलोमीटरवर, नदीपलीकडे, आर्जेन्टिनाच्या चौकीत वायरलेससमोर बसत असे. त्याचं नाव सार्जंट बेल्ट्रामो. दर गुरुवारी सकाळी सात वाजता दोन्ही चौक्यांनी एकमेकींना वारा किती आणि रस्ता उघडा की बंद एवढं सांगायचं, असा करार होता. ठरलेला वेळ दहा मिनिटं. वारा आणि रस्ता यांना चाळीस सेकंद पुरत. उरलेल्या नऊ मिनिटं वीस सेकंदांचं काय करायचं, हे करारात लिहिलेलं नव्हतं.

खासगी बोलायला मनाई होती, म्हणून ती दोघं हवामानाच्या आडून बोलत. एकदा बेल्ट्रामो म्हणाला होता, "आज हवेत कालाफातेची फळं पिकल्याचा वास आहे. आई गेल्यापासून आमच्या घरी त्याचा मुरंबा कुणी घातला नाही. ओव्हर." मिर्तानं वहीत प्रामाणिकपणे नोंद केली : 'वास : कालाफाते.'

तिनं त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आवाज जाड होता, शेवटी थोडा खाली बसणारा. डिसेंबरात तिच्या बदलीचा कागद आला. मार्चपासून अरिका, देशाच्या पार उत्तर टोकाला, जिथे वाळवंट आहे आणि सांगण्याजोगा वारा नाही. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "मार्चपासून या सेटवर दुसरा आवाज असेल. ओव्हर."

"समजलं," बेल्ट्रामो म्हणाला. त्या एका शब्दाला त्याला अकरा सेकंद लागले. मिर्तानं घड्याळात पाहिलं होतं.

जानेवारीत दोन्ही देशांचा संयुक्त सराव आला. दर दोन वर्षांनी तो वर खिंडीत होई, पण या वेळी पहिल्यांदाच खाली नदीवरच्या पुलापाशी ठरला. विषय नेहमीचा : ज्वालामुखीची राख पडली आहे, गावं तुटली आहेत, दोन्ही सैन्यांनी मिळून माणसं वाचवायची. तीन दिवस नदीचे दोन्ही काठ एकच छावणी धरले जाणार होते. अर्ज नको, रकाना नको. मिर्ताच्या आणि बेल्ट्रामोच्या तंबूंमध्ये आता फक्त पूल आणि सहाशे मीटर होते. पण सेट सोडता येत नव्हता. दोघांच्या जागी बदली माणूस येई तो रोज दुपारी दोन ते तीन.

"एक तास," मिर्ता आचाऱ्याला म्हणाली. "भट्टी द्याल का, मान्सिया?"

आचारी मान्सिया तीस वर्षं सैन्याला जेवू घालत होता आणि कुणाचंही पोट पाहून मन ओळखे. त्यानं तिच्या हातातलं काळ्यानिळ्या फळांचं भांडं पाहिलं. "कालाफाते? आणि बोटं बघ केवढी काट्यांनी फाडून घेतलीस! कर्नलसाहेबांसाठी तर नक्कीच नाही."

"हवामान खात्यासाठी."

"असं होय. कालाफाते खाल्लेला माणूस परत या मातीत येतो म्हणतात. हवामान खातं कुठे निघालंय?"

"निघालेय मी."

मान्सियानं भट्टीत लाकूड वाढवलं.

फळांनी भरलेला गोड टार्ट भाजून झाला. आता बेल्ट्रामोला कळवायचं कसं? वाट एकच होती, वायरलेस; आणि वायरलेसवर सरावाच्या काळात प्रत्येक संदेशाआधी 'सराव' हा शब्द तीनदा म्हणावा लागे. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी तो न म्हणताच 'राख पडतेय, गाव सोडा' असं सांगितलं होतं. एक्क्याण्णव सालची खरी राख अंगावर घेतलेल्या म्हाताऱ्यांनी ते ऐकलं, चारशे मेंढ्या घेऊन डोंगर गाठला, आणि दोन दिवस खाली यायला नकार दिला. तेव्हापासून हा नियम. त्याला जोड म्हणून आर्जेन्टिनाच्या कर्नल एचेगाराय यांनी दुसराही नियम केला होता. कुणावर खरोखर प्रसंग आला, तर त्यानं 'खरं, खरं, खरं' म्हणायचं. मग ज्याला निरोप असेल त्यानंच जायचं, आणि तो 'संपलं' म्हणेपर्यंत बाकी कुणी पाऊलही हलवायचं नाही. मदतीच्या वाटेत गर्दी नको म्हणून. कर्नलना या नियमाचा फार अभिमान होता. तो वापरायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मिर्तानं बटण दाबलं.

"सराव, सराव, सराव. सार्जंट बेल्ट्रामोसाठी. पुलाजवळच्या मेंढ्या कातरायच्या जुन्या शेडमध्ये आज दुपारी दोन वाजता एक व्यक्ती असेल. एकटी. बराच काळ वाट पाहत आहे. ओव्हर."

"समजलं," बेल्ट्रामो म्हणाला. फक्त दोन सेकंद. मिर्ताला वाटलं, कळलं त्याला.

कळलं सगळ्यांनाच होतं.

दहा मिनिटांत कॅप्टन उरुतिया तंबूत शिरला. "सार्जंट, हे पाकीट त्यांचं की आपलं?"

सरावात दोन्ही बाजू एकमेकींना न सांगता अडचणी रचत आणि बंद पाकिटात ठेवत. पाकीट कुणाचं हे विचारायचं नसतं. विचारणारा कच्चा समजला जातो. म्हणून उरुतियानं स्वतःच उत्तर दिलं. "नको, सांगू नका. त्यांचंच. शेडमध्ये अडकलेली व्यक्ती! आपण झोपलोय का जागे, हे बघतायत. कळवा त्यांना, आपली स्ट्रेचर तुकडी निघतेय."

"साहेब, एवढ्यासाठी स्ट्रेचर..."

"बरोबर बोललात. एका स्ट्रेचरनं काय होणार? दोन."

मिर्तानं दोन स्ट्रेचर कळवले. पलीकडून उत्तर आलं, बेल्ट्रामोच्याच जाड आवाजात, आणि त्यात कामाखेरीज काही नव्हतं. "सराव, सराव, सराव. आमचे कर्नल म्हणतात, शेडचं छप्पर खचलेलं धरावं. पत्रा कापणारी तुकडी पाठवतोय. ओव्हर."

पलीकडे कर्नल एचेगाराय यांना पाकीट चिलीचं वाटलं होतं, आणि त्यांनाही विचारायचं नव्हतं. उरुतियानं पत्रा कापणाऱ्यांवर डॉक्टर चढवला. कर्नलनी डॉक्टरवर हेलिकॉप्टर चढवलं. उरुग्वेहून आलेल्या निरीक्षकांना चांगलं दिसावं म्हणून दोघांनी मिळून पुलावर रुग्णवाहिका उभी केली. हे सगळं मिर्तानं आपल्याच तोंडानं सांगितलं, एकेक करून, आकड्यांसकट. साडेबाराला तिनं धीर केला.

"सराव, सराव, सराव. शेडमधली व्यक्ती सुखरूप आहे. तिला कुणी नको आहे." मग तिला राहवलं नाही. "गर्दी नको आहे. ओव्हर."

उरुतियाच्या डोळ्यांत चमक आली. "बघितलंत? आता अफवा सोडतायत! गाफील ठेवायचा डाव. तिसरं स्ट्रेचर काढा."

"साहेब, आत्ताचा संदेश मी दिला."

"तुमच्या तोंडून दिला, हेच तर. हुशार आहेत लेकाचे." मग त्यानं गणवेश नीट केला. "दोन वाजता सेटवर मी बसेन. निरीक्षक येणार आहेत. तुम्ही जेवून या."

पावणेदोनला मिर्ता टार्ट घेऊन शेडमध्ये जाऊन बसली. कुणी म्हणेल, गेली कशाला? पण ती म्हणाली होती दोन वाजता असेन, आणि न जाणो, एवढ्या माणसांत तोही असला तर. वाऱ्यानं पत्रे खडखडत होते. तिनं टोपी काढली, केस सारखे केले, टोपी घातली.

दोन वाजता छप्पर कापलं गेलं.

वरून दोघे उतरले, दारातून सहा आले, मागोमाग डॉक्टर. "हलू नका, बाई!"

"मी सार्जंट ओयार्सो. तुम्ही ओळखता मला. मागच्या महिन्यात माझे दात तपासलेत."

"उत्तम अभिनय," डॉक्टर निरीक्षकांना म्हणाला आणि पाटी काढली. "कधीपासून वाट पाहताय?"

"आठ वर्षं."

डॉक्टरनं लिहिलं : 'कालभान हरपलेलं.' पाटी तिच्या गळ्यात अडकवली. तिला स्ट्रेचरवर बांधत असताना तिनं मान वळवून एकेक चेहरा पाहिला. "सार्जंट बेल्ट्रामो आलेत का?"

"तो कसा येईल?" पट्टा आवळणारा आर्जेन्टिनाचा शिपाई म्हणाला. "एवढी मोठी घटना चाललीय. सकाळपासून सेटवरून उठला नाही बिचारा. जेवलासुद्धा नाही."

स्ट्रेचर पुलाकडे निघालं. कर्नल एचेगाराय यांनी वाटेत टार्टचा एक तुकडा तोंडात टाकला आणि ताट निरीक्षकांकडे सरकवलं.

चारला सराव आटोपत आला. नदीकाठी समारोपाचं कोकरू निखाऱ्यांवर चढलं होतं. अशी कल्पक अडचण आजवर पाहिली नाही, असं निरीक्षक म्हणाले. ती कुणाची, असं विचारल्यावर उरुतिया नम्रपणे जमिनीकडे बघत राहिला आणि कर्नल नम्रपणे आभाळाकडे. मिर्ता सेटवर परतली होती. पाटी गळ्यातच राहिली होती.

"सराव, सराव, सराव," पलीकडून आवाज आला. "तुमची अडकलेली बाई बरी आहे ना? ओव्हर."

"बरी आहे. ओव्हर."

"आमचे कर्नल म्हणत होते, तिच्याजवळ टार्ट होता. कालाफातेचा." मग तो थांबला. मिर्ता सेकंद मोजू लागली. चौदाला तो पुन्हा बोलला, आणि आवाज या वेळी सुरुवातीपासूनच खाली बसलेला होता. "सार्जंट, ती बाई कोण होती?"

मिर्तानं गळ्यातली पाटी मुठीत धरली.

"पण तुम्ही 'सराव' म्हणाला होतात. तीनदा."

"तीनदा म्हणावंच लागतं. ओव्हर."

या वेळी तिनं सेकंद मोजले नाहीत. मग, छावणीतल्या प्रत्येक सेटवर, प्रत्येक गाडीत आणि कर्नलच्या कमरेच्या यंत्रावर एकदम ऐकू आलं :

"खरं, खरं, खरं. सार्जंट ओयार्सोसाठी. पुलावर एक व्यक्ती येत आहे. एकटी. एक तुकडा उरला असेल, तर."

छावणी गोठली. ट्रक चढावर थांबले. उरुतियाचा हात सलामीत वर राहिला. कर्नल एचेगाराय कोकराकडे काटा नेता नेता तसेच थिजले, आणि नियम कुणी केला हे त्यांना आठवल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दोनशे वीस माणसांतून मिर्ता एकटी चालत निघाली. निरीक्षकांकडून परत आलेलं टार्टचं ताट तिच्या हातात होतं, रिकामं. भट्टीजवळून जाताना मान्सिया डाव उगारलेल्या अवस्थेत, ओठ न हलवता पुटपुटला, "पिठाच्या डब्यामागे. कागदात. मी काय त्या कर्नलला सगळा खाऊ देणार होतो?"

पुलाच्या मध्यावर एक बुटका, टक्कल पडलेला माणूस वाऱ्याला पाठ करून उभा होता. आवाजावरून तो उंच वाटला होता. त्यानं तिच्या गळ्यातली पाटी वाचली. "कालभान हरपलेलं," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात."

तिनं कागद सोडून तुकडा पुढे केला. त्यानं तो हातात धरला, बराच वेळ नुसता पाहिला, मग मधोमध मोडला आणि मोठा भाग तिला परत दिला.

"तुम्हीच खा तो," तो म्हणाला. "जाणाऱ्या तुम्ही आहात."

दोघांनी खाल्लं. खाली नदी वाहत होती. थोड्या वेळानं छावणीकडून धुराचा वास आला.

"कोकरू जळतंय," मिर्ता म्हणाली.

"हो. कुणीच उलटवत नाहीये."

"'संपलं' म्हणून सांगायला हवं."

"हवं," बेल्ट्रामो म्हणाला.

कमरेची यंत्रं दोघांच्याही हाताशी होती. कुणीच हात नेला नाही.