शिवगंगाअक्कांची कुंची

आमच्या शेजारच्या शिवगंगाअक्का माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी हात बघतात. "दाव हात!" दारातच तपासणी. नख वाढलेलं किंवा बोटाला भेग पडलेली दिसली, की तो माणूस उंबऱ्याबाहेर. "दोरा अडकतो," एवढंच कारण. गॅसवाल्यानं एकदा सिलिंडर आत ठेवायच्या आधी साबणानं हात धुतलेले मी स्वतः पाहिलेत. उमरग्यात आमची अख्खी गल्ली त्यांना टरकून असते. सत्तरीच्या बाई, लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही, आणि आवाज असा की हायवेवरचा ट्रकवाला ब्रेक दाबेल.

उद्योग एकच, सुईनं लेस करणं. बाजारात मीटरवर मिळते तिला त्या "चिंधी" म्हणतात, तेही दुकानदाराच्या तोंडावर. त्यांची रीत निराळी. कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवून नक्षी आखायची, रेघांवर जाड दोरा मांडायचा आणि तो दोन्ही पदरांना लाल टाक्यांनी बांधायचा. मग त्या दोऱ्याच्या आधारानं नुसत्या काजाच्या टाक्यांनी जाळी भरत जायची. खालच्या कापडाला सुई लागता कामा नये. "सैल नगं, घट्ट नगं," असं पुटपुटत त्या बसल्या की पंखा बंद, टीव्ही बंद. माझ्या नवऱ्यानं एकदा भिंतीपलीकडे मिक्सर लावला, तर त्यानंतर आठवडाभर ते पाट्यावर चटणी वाटत होते.

माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, मला नातू झाला, आणि अक्का बाळाच्या कुंचीच्या लेसला बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बारशाच्या दिवशी सकाळी, घरात पाहुणे आणि चुलीवर खीर असताना, हाक आली. "ये, धर."

जाळी सोडवायची होती. दोन पदर एकमेकांपासून ताणून धरायचे आणि मधून अर्धं ब्लेड फिरवत लाल टाके तोडायचे, की वरची जाळी मोकळी होते. ब्लेड जरा वर निसटलं तर कापडासकट जाळीही जाणार. दुसरी करायला वेळ नव्हता.

"हलू नगं."

"नाही हलत."

"बोलू बी नगं."

टच्च. एक टाका तुटला. टच्च. घाम माझ्या डोळ्यात उतरत होता आणि पुसायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे बाळानं भोकाड पसरलं. माझा जीव तिकडे, हात इकडे. तेवढ्यात मान वर न करता अक्कांनी विचारलं, "कानात नाव कोन सांगनार?"

बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि कुंची आणायची तीही आत्यानंच. जावयांना सख्खी बहीण नाही. मी सहज बोलून गेले, "सास्तूरहून त्यांची चुलतबहीण येतेय की."

ब्लेड थांबलं.

"बरं झालं. हाय म्हंजे कोनतरी."

ब्लेड पुन्हा चालू झालं, पण आता ते थरथरत होतं. इतके दिवस ही बाई कुठल्या नात्यानं कुंची करत बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

"अक्का, थांबा. हात थरथरतोय तुमचा."

"माजा न्हाय, तुजा."

दोघींचाही कापत होता. शेवटचा टाका तुटला आणि जाळी सुटून माझ्या तळव्यावर आली, अख्खी.

"नाव तुम्ही सांगायचं," मी म्हटलं.

"आन् ती सास्तूरची?"

"तिला मी सांगते."

"रुसंल ती."

"रुसू दे!"

ती रुसली नाही. उलट तिनंच अक्कांना हाताला धरून पाळण्यापाशी नेलं. बाळाच्या कपाळावर कुंचीच्या काठाला शिवलेली ती पांढरी जाळी आली होती. अक्का वाकल्या, कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. अशा वेळी बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण अक्कांच्या पाठीत धपाटा घालणार कोण? सगळ्या एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहिल्या.

अक्का तशाच वाकून थांबल्या होत्या.

"मारा की गं," त्या पाळण्यात तोंड घालूनच म्हणाल्या. आवाज एवढासा. "आत्याला मारत्यात न्हवं?"

पहिला धपाटा मी घातला. मग सगळ्याच तुटून पडल्या. हसण्याचा कल्ला उठला, बाळ रडायला लागलं. धपाटे थांबले, तरी अक्का वाकूनच राहिल्या.